श्वेतबटूचं मॉडेल लिहितोय, पृष्ठभागाजवळ आलं की गणित फुटतंय. मदत हवीये

रात्रपाळी
शुक्रवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. बीएस्सीला फिजिक्स होतं, मग पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि आता चाळिशीत परत ताऱ्यांकडे वळलोय. गेले तीन आठवडे शिफ्ट संपली की पायथनमध्ये श्वेतबटूचं (व्हाइट ड्वार्फ, जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) मॉडेल लिहीत बसतो. म्हणजे केंद्रातली घनता आपण ठरवायची, तिथून थोडं थोडं बाहेर सरकत प्रत्येक ठिकाणी दाब किती, घनता किती, आत किती वस्तुमान जमलं हे काढत जायचं, दाब शून्य झाला की पृष्ठभाग आला, तिथली त्रिज्या आणि एकूण वस्तुमान हे आपलं उत्तर.

समीकरणं दोनच आहेत. एक, दाबाचा उतार म्हणजे उणे जी (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक) गुणिले आतलं वस्तुमान गुणिले घनता भागिले आर वर्ग. दुसरं, वस्तुमानाची वाढ म्हणजे चार पाय आर वर्ग गुणिले घनता. दाब आणि घनतेचं नातं डीजनरेट, म्हणजे दाटीवाटीने कोंबलेल्या इलेक्ट्रॉनचं घेतलंय, खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं एक्स वालं. एक्स म्हणजे इलेक्ट्रॉनचा कमाल संवेग भागिले इलेक्ट्रॉनचं वस्तुमान गुणिले प्रकाशाचा वेग. कार्बन-ऑक्सिजनसाठी घनता १.९५ × १०^९ गुणिले एक्स घन, किलो प्रति घनमीटर. दाब ६ × १०^२१ पास्कल गुणिले ते एक लांबलचक फंक्शन, ज्यात एक्स, वर्गमूळ आणि सिंच इन्व्हर्स (हायपरबोलिक साइनचं उलट फंक्शन) असं सगळं आहे.

आतमध्ये सगळं मस्त चालतं. पृष्ठभागाजवळ आलं की मात्र दाबावरून एक्स परत काढायला जे न्यूटन रॅफसन (अंदाज सुधारत सुधारत उत्तर गाठायची पद्धत) लावलंय ते भरकटतं, कधी दाब ऋण येतो, कधी नॅन, म्हणजे आकडाच नाही. स्टेप बदलली की त्रिज्याही बदलते. केंद्रात एक्स १ ठेवला तर एकदा ८९०० किमी आली आणि एकदा १०४००. वस्तुमान मात्र प्रत्येक वेळी सौर वस्तुमानाच्या अर्ध्याच्या आसपासच येतं. कुठे चुकतोय?


फोर्ट्रानप्रेमी
शनिवार, सकाळी ७.१५

तुमच्या लांबलचक फंक्शनमध्येच गोम आहे. ते असं आहे ना, एक्स गुणिले दोन एक्स वर्ग वजा तीन गुणिले वर्गमूळ, अधिक तीन सिंच इन्व्हर्स. एक्स लहान झाला की पहिल्या भागातून उणे तीन एक्स येतं आणि दुसऱ्यातून अधिक तीन एक्स, ते एकमेकांना खातात, मग एक्स घनचे भागही एकमेकांना खातात आणि उरतं काय तर १.६ गुणिले एक्सचा पाचवा घात. एक्स ०.०००१ असेल तर ३ × १०^-४ एवढ्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून तुम्हाला १.६ × १०^-२० काढायचंय. डबल प्रिसिजनमध्ये सोळाच आकडे असतात हो, तिथे फक्त कचरा हातात येतो. ०.००१ ला निदान तीन आकडे बरोबर येतात, त्याच्या खाली गेलात की संपलं.

तात्पुरता उपाय म्हणजे एक्स ०.०१ च्या खाली गेला की सिरीज वापरा, १.६ एक्सचा पाचवा घात वजा चार सप्तमांश एक्सचा सातवा घात, एवढं पुरतं. पण खरा उपाय वेगळा आहे, मास्तर आले की सांगतीलच, मी त्यांच्याकडूनच शिकलोय.


चिंचेची_पानं
शनिवार, सकाळी ९.०५

मी इथे वाचायलाच येते, गणितातलं फार कळत नाही, पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून विचारते. सूर्य आत जळतोय म्हणून गरम आहे, आणि त्या उष्णतेच्या दाबामुळे तो कोसळत नाही हे शाळेत वाचलं होतं. श्वेतबटूत जळायचं संपलंय म्हणता मग त्याला आतून धरून कोण ठेवतं? आणि तो थंड होत गेला की दाब कमी होऊन तो आकसत का नाही?


निवृत्त_मास्तर
शनिवार, दुपारी १२.३०

ताई, तुमचा प्रश्न मूळ धाग्याच्या आधीचा आहे म्हणून आधी तोच घेतो.

हॉस्टेल डोळ्यासमोर आणा, एका खोलीत दोघंच राहू शकतात असा कडक नियम. खालचे मजले भरले की पुढच्या मुलांना वर चढावंच लागतं, त्यांची इच्छा असो नसो. इलेक्ट्रॉनचा नियम तसाच आहे, एका अवस्थेत दोन, एक वर तोंड केलेला आणि एक खाली. तारा दाबला जातो तशी इलेक्ट्रॉनला मिळणारी जागा कमी होते आणि जागा कमी झाली की या हॉस्टेलच्या मजल्यांमधलं अंतर वाढतं, म्हणजे वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रॉन आणखी जास्त वेगाने धावायला लागतो. त्या धावण्याचा जो धक्का, तोच दाब. त्यात तापमान कुठेही येत नाही. तारा पार गोठला तरी वरच्या मजल्यावरच्या मुलांना खाली यायला खोलीच रिकामी नाही, त्यामुळे दाब जसाच्या तसा राहतो. म्हणून तो थंड होतो पण आकसत नाही, म्हणजे अगदीच किंचित आकसतो.

गरम आणि थंड हे इथे वेगळ्या मापाने मोजावं लागतं. रात्रपाळींच्या ताऱ्यात केंद्रात एक्स १ आहे, तिथल्या सगळ्यात वरच्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा तापमानात सांगायची तर साधारण २४० कोटी केल्विन होते. अशा ताऱ्याच्या गाभ्याचं खरं तापमान १ कोटी केल्विन असलं तरी त्या इलेक्ट्रॉनच्या हिशोबात ते थंडगारच.

आता रात्रपाळी, तुझ्या कोडकडे. दाब घेऊन पुढे जायचं आणि प्रत्येक पावलाला उलटं फिरून एक्स काढायचा हा रस्ताच सोडून दे. वाय नावाचं चल घे, वाय म्हणजे एक अधिक एक्स वर्गचं वर्गमूळ. दाबाच्या फंक्शनचं एक्सच्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह फार साधं आहे, आठ एक्सचा चौथा घात भागिले वाय. ते समतोलाच्या समीकरणात घातलं की एक्सचे सगळे घात कटतात, घनताही कटते, आणि उरतं ते एवढंच:

डीवाय बाय डीआर = उणे के गुणिले एम भागिले आर वर्ग

के हा स्थिरांक. आणि घनता म्हणजे तुझा १.९५ × १०^९ गुणिले, वाय वर्ग वजा एकचा दीड घात. पृष्ठभाग म्हणजे वाय बरोबर एक. झालं. सिंच इन्व्हर्स नाही, न्यूटन रॅफसन नाही, दाब ऋण होण्याची भानगड नाही. चंद्रशेखरांनी १९३५ साली हेच वाय घेऊन हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली होती. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता म्हणून समीकरण इतकं घासून घ्यावं लागलं, पण त्या घासण्यात जे दिसलं ते आपल्याला फुकटचा कॉम्प्युटर असल्यामुळे दिसत नाही असं मला फार मनापासून वाटतं.

के कितीला येतो ते काढ आणि त्याच्या आत काय काय आहे ते नीट बघ. संध्याकाळी बोलू.


पुस्तककिडा
शनिवार, दुपारी ३.४०

मास्तरांनी १९३५ चा उल्लेख केलाय म्हणून थोडा इतिहास. १९२६ मध्ये केंब्रिजच्या राल्फ फाउलरने पहिल्यांदा दाखवलं की श्वेतबटूला हा इलेक्ट्रॉनचा दाब धरून ठेवतो. पण त्याने इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या जवळ जातो हे धरलं नव्हतं. ३१ जुलै १९३० ला एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर आपल्या मुंबईहून बोटीने निघाले, फाउलरकडेच शिकायला, आणि त्या प्रवासात त्यांनी सापेक्षता घालून बघितलं तर एका वस्तुमानापलीकडे तारा उभाच राहत नाही असं निघालं. बॅलार्ड पिअरच्या बाजूने गेलो की मला दर वेळी ते आठवतं, ते नेमके कुठल्या धक्क्यावरून चढले याची खात्री नाही तरी आठवतं.

लीड्सचा एडमंड स्टोनर आणि एस्टोनियातल्या टार्टूचा विल्हेल्म अँडरसन हे दोघंही त्याच सुमारास या मर्यादेपर्यंत आले होते, त्यांची नावं आपल्याकडे कोणी घेत नाही हे बरोबर नाही. पण स्टोनरचा तारा म्हणजे आतून बाहेरपर्यंत एकसारख्या घनतेचा गोळा होता. चंद्रशेखरांनी ताऱ्याची खरी आतली रचना घेतली, केंद्रात दाट आणि बाहेर विरळ. या धाग्याचा विषयच तो आहे म्हणून सांगितलं.

एक गंमत वाटेल अशी गोष्ट, १९३१ च्या त्यांच्या पेपरात मर्यादा ०.९१ सौर वस्तुमान आहे, १.४ नाही. कारण त्या वेळी एका इलेक्ट्रॉनमागे अडीच न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) धरले होते. कार्बन ऑक्सिजनला दोन लागतात आणि मर्यादा या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

आणि ११ जानेवारी १९३५ ची लंडनची ती सभा, जिथे चंद्रशेखरांनी हे सगळं मांडलं आणि लगेच पुढच्या भाषणात त्या काळचा बडा खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने ते धुडकावून लावलं. चोवीस वर्षांच्या मुलाला ते किती लागलं असेल. नोबेल मिळालं ते १९८३ ला.


रात्रपाळी
शनिवार, रात्री १०.२०

मास्तर, केलं! के काढला आणि मग वहीवर लिहून बघितलं तर के म्हणजे जी गुणिले दोन न्यूक्लिऑनचं वस्तुमान भागिले इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा. बाकी प्लँकचा स्थिरांक वगैरे सगळं उडून गेलं. किमती घातल्या तर २.७१ × १०^-२४, मीटर प्रति किलो.

मग लांबी पृथ्वीच्या त्रिज्येत आणि वस्तुमान सूर्याच्या वस्तुमानात घेतलं तर अख्खा तारा या दोन ओळींत मावतो, कोणाला करून बघायचं असेल तर घ्या:

डीवाय बाय डीआर = उणे ०.८४५ गुणिले एम भागिले आर वर्ग
डीएम बाय डीआर = ३.१८ गुणिले आर वर्ग गुणिले, वाय वर्ग वजा एकचा दीड घात

केंद्रात एक्स १, म्हणजे वाय १.४१४ घेऊन चालवलं. वस्तुमान ०.५१ आणि त्रिज्या पृथ्वीच्या दीडपट, साधारण ९६०० किमी. स्टेप निम्मी केली तरी आकडा हलत नाही. तीन आठवडे अडलेलं वीस ओळींत झालं, अजून विश्वास बसत नाहीये.

एक अडचण आली ती सांगतो. शेवटच्या पावलाला रुंगे कुट्टाच्या (पावलापावलाने समीकरण सोडवायच्या पद्धतीच्या) मधल्या टप्प्यात वाय एकच्या खाली जातो आणि दीड घात नॅन देतो. मी तिथे शून्य धरलं. चालेल ना?


फोर्ट्रानप्रेमी
शनिवार, रात्री १०.४५

चालेल, बाहेर घनता शून्यच असते. पण त्याहून बरं सांगू का, पृष्ठभागाच्या जरा अलीकडे आलात की वरच्या थरात वस्तुमान जवळजवळ नसतंच, एम बदलायचा थांबलेला असतो. मग पहिलं समीकरण हातानेच सुटतं, वाय म्हणजे काहीतरी स्थिर अधिक के एम भागिले आर. तिथे थांबा आणि एक भागिले मोठा आर बरोबर एक भागिले आत्ताचा आर वजा, वाय वजा एक भागिले के एम, असं लावून थेट पृष्ठभाग काढा. मी वाय १.००१ झाला की थांबतो.

सुरुवात पण शून्यापासून करू नका, एम भागिले आर वर्ग तिथे शून्य भागिले शून्य होतं. अगदी छोटा आर घ्या आणि तेवढ्या गोळीत केंद्राचीच घनता भरलीय असं धरा.


निवृत्त_मास्तर
रविवार, सकाळी ८.१०

छान. आता त्या के कडे परत बघ. वाय म्हणजे सगळ्यात वरच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा, स्थिर ऊर्जेच्या पटीत. आणि जी एम भागिले आर वर्ग म्हणजे गुरुत्वाकर्षण. मग तुझं पहिलं समीकरण मराठीत काय म्हणतंय? की ताऱ्यात कुठेही जा, वरच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अधिक त्याच्या वाट्याच्या दोन न्यूक्लिऑनची गुरुत्वीय ऊर्जा, यांची बेरीज सगळीकडे सारखीच. केंद्रात खोल खड्ड्यात आहेस तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा जास्त, वर पृष्ठभागावर आलास तर ती फक्त स्थिर ऊर्जेएवढी उरली. विहिरीतलं पाणी जसं सगळीकडे एकाच पातळीला येतं तशी ही पातळी आहे. दाब देतात इलेक्ट्रॉन, वजन असतं केंद्रकांचं. इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनच्या अठराशेव्या भागाएवढा हलका, तरी अख्खा तारा त्याच्या खांद्यावर. चौतीस वर्षं शिकवलं, हे फळ्यावर आलं की दर वर्षी मी दोन मिनिटं गप्प व्हायचो.

मर्यादा कुठून येते तेही यातच दिसतं. इलेक्ट्रॉन संथ असतील तर दाब घनतेच्या पाच तृतीयांश घाताने वाढतो. वजन पेलायला लागणारा दाब मात्र वस्तुमानाच्या दोन तृतीयांश घात गुणिले घनतेच्या चार तृतीयांश घाताने वाढतो. पाच मोठे चारपेक्षा, त्यामुळे वस्तुमान घातलं की तारा थोडा आकसून, घनता वाढवून नवा समतोल गाठतो. म्हणूनच जड श्वेतबटू लहान असतो. पण इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाला टेकले की दाबही चार तृतीयांशनेच वाढतो. दोन्हीकडे घनता कटली, आकसून काही मिळत नाही, उरलं फक्त वस्तुमान. ते १.४६ च्या जवळपास.


चिंचेची_पानं
रविवार, सकाळी १०.००

सर, विहिरीच्या पाण्याने कळलं. जड तो लहान, हे मात्र पचायला वेळ लागणार. धन्यवाद.


रात्रपाळी
रविवार, दुपारी १.१५

मी वाय वाढवत वाढवत ५०, १००, ५०० पर्यंत नेला, वस्तुमान १.४५६ कडे सरकतं आणि तिथेच चिकटतं, त्रिज्या मात्र कमी कमी होत जाते. पुस्तकात १.४४ असतं, बातम्यांत १.४, कोणता धरायचा?


तारांगण
रविवार, दुपारी ४.५०

रात्रपाळी दादा, मी याच विषयात पीएचडी करतेय, श्वेतबटूंच्या स्पंदनांवर. तुमचा १.४५६ हा तुमच्या समीकरणांसाठी एकदम बरोबर आहे. पण वाय ५०० वाला तारा निसर्गात नसतो. कारणं सांगते.

पहिलं, तुमच्या मॉडेलमध्ये केंद्रकांचा धन भार सगळीकडे सारखा पसरलाय. खरं तर ते बिंदू आहेत, प्रत्येकाभोवती इलेक्ट्रॉन थोडे ओढले जातात आणि त्यामुळे दाब जरासा घटतो. १९६१ मध्ये साल्पीटरने ही दुरुस्ती दिली आणि त्याच वर्षी हमादाबरोबर हीलियम, कार्बन, लोखंड अशा वेगवेगळ्या पदार्थांच्या ताऱ्यांची कोष्टकं काढली. दुसरं, घनता फार वाढली की इलेक्ट्रॉनची ऊर्जा इतकी होते की तो केंद्रकात घुसतो, प्रोटॉनचा न्यूट्रॉन करतो, म्हणजे दाब देणारा खांबच नाहीसा होतो. ऑक्सिजनमध्ये हे कार्बनच्या आधी होतं. तिसरं, सामान्य सापेक्षता, ती शेवटच्या टोकाला ताऱ्याला आधीच अस्थिर करते. हे सगळं धरलं की मर्यादा १.४५६ च्या थोडी खाली येते. लोखंडाचा तारा घेतलात तर एका इलेक्ट्रॉनमागे २.१५ न्यूक्लिऑन, नुसत्या त्यानेच मर्यादा १.२६ च्या आसपास येते, करून बघा.

पण मला वाटतं तुम्ही मर्यादेच्या मागे न लागता एक खरा तारा घ्यावा. व्याधाचा जोडीदार घ्या. बेसेलने १८४४ मध्ये व्याधाच्या डुलण्यावरून तो असणार हे ओळखलं, १८६२ मध्ये अल्वन ग्रॅहम क्लार्कला तो दिसला. हबल दुर्बिणीच्या जवळजवळ वीस वर्षांच्या निरीक्षणांतून वस्तुमान आलंय १.०१८ सौर, त्रिज्या सूर्याच्या ०.००८१ पट म्हणजे ५६३० किमीच्या आसपास. पृष्ठभाग २५ हजार केल्विन. तुमचं मॉडेल किती देतं?


रात्रपाळी
रविवार, रात्री ११.३०

केंद्रात वाय २.८ च्या जरा खाली ठेवला की वस्तुमान १.०१८ येतं. त्रिज्या साधारण ५४०० किमी. केंद्रातली घनता घनसेंटीमीटरला ३४ टनांच्या आसपास. सरासरी काढली, प्रत्यक्ष मोजलेल्या त्रिज्येवरून, तर २.७ टन.

म्हणजे मी दोनेकशे किमीने कमी पडतोय. साडेआठ प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्याची त्रिज्या दोन ओळींच्या गणितातून चार टक्क्यांत येते हे बघून खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन आलो. पण ते दोनशे किमी कुठे गेले?


तारांगण
सोमवार, सकाळी ६.४०

ते दोनशे किमी म्हणजे उष्णता आणि कातडी. आणि कुलंबची, म्हणजे ती साल्पीटरची दुरुस्ती घातलीत की तारा आणखी थोडा आकसणार, म्हणजे खरी तूट दोनशेहून जास्त आहे हे लक्षात ठेवा.

श्वेतबटूची खरी रचना अशी असते. गाभा कार्बन-ऑक्सिजनचा, जवळजवळ सगळं वस्तुमान त्यात. डीजनरेट इलेक्ट्रॉन उष्णता इतक्या सहज वाहून नेतात की गाभ्याचं तापमान आतून बाहेर एकसारखंच असतं, तांब्याच्या भांड्यासारखं. त्यावर हीलियमचा थर, ताऱ्याच्या वस्तुमानाच्या शंभराव्या भागाएवढा. त्यावर हायड्रोजन, जास्तीत जास्त दहा हजाराव्या भागाएवढा, काही ताऱ्यांत तर नाहीच. गुरुत्वाकर्षण इतकं तीव्र की जड ते खाली आणि हलकं ते वर, सगळं निवळून बसतं. बाहेरचा हा भाग डीजनरेट नसतो, तो साध्या गरम वायूसारखा वागतो आणि फुगतो. व्याधाचा जोडीदार तरुण आणि गरम आहे म्हणून त्याचा फुगवटाही जास्त.

वस्तुमानात हा थर काहीच नाही, पण ताऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य तोच ठरवतो. गाभा म्हणजे तापलेला निखारा आणि वरचा थर म्हणजे गोधडी. गोधडी किती जाड आणि किती अपारदर्शक यावर निखारा किती वर्षं पुरणार ते ठरतं. १९५२ मध्ये मेस्टेलने याच कल्पनेवर थंड होण्याचं गणित मांडलं, प्रकाशमानता गाभ्याच्या तापमानाच्या साडेतीन घाताने बदलते. आजही पहिल्या अंदाजाला आम्ही तेच वापरतो.


फोर्ट्रानप्रेमी
सोमवार, सकाळी ९.२०

हे सगळं एकत्र पाहिजे असेल तर मेसा हा ताऱ्यांचं मॉडेल करायचा प्रोग्राम आहे की, ओपन सोर्स, फुकट, श्वेतबटू करायची उदाहरणंही सोबत येतात. मी मात्र म्हणेन की आत्ता लगेच त्यात जाऊ नका. त्यात शेकडो बटणं आहेत आणि कोणतंही फिरवलं तरी ते काहीतरी उत्तर देतंच. स्वतःच्या वीस ओळी हातात असल्या की त्याचं उत्तर खोटं वाटलं तर निदान शंका तरी येते.


पुस्तककिडा
सोमवार, दुपारी २.१०

तारांगण, पण हे थर एवढे जाड, तेवढे पातळ, हे कळतं कसं? आत तर कोणी गेलं नाही. प्रकाश येतो तो फक्त वरच्या पापुद्र्यातून.


तारांगण
सोमवार, रात्री ९.३०

हाच माझा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

हायड्रोजनचं वातावरण असलेला श्वेतबटू थंड होत होत साधारण १२ हजार केल्विनच्या आसपास आला की थरथरायला लागतो, प्रकाश काही मिनिटांच्या लयीत कमी जास्त होतो. १९६८ मध्ये लँडोल्टने पहिला असा तारा सापडल्याचं सांगितलं, त्याची लय साडेबारा मिनिटांची. या लाटा पाण्यावरच्या लाटांसारख्या गुरुत्वाकर्षणाने चालणाऱ्या आहेत, आणि एकाच ताऱ्यात एकदम अनेक लयी असतात. तारा आतून एकसंध असता तर लागोपाठच्या लयींमधलं अंतर सारखं आलं असतं. पण थर बदलतो तिथे काही लाटा अडकतात आणि ते अंतर बिघडतं. घटावर बोटं मारली की रिकामा किती, भरलेला किती हे ऐकू येतं ना, तसं त्या बिघाडावरून हीलियम कुठे संपतो, कार्बन ऑक्सिजनचं प्रमाण कुठे बदलतं हे काढायचं.

अडचण अशी की दिवस उगवला की निरीक्षण तुटतं आणि तुटलेल्या डेटात खोट्या लयी दिसतात. म्हणून १९८८ पासून जगभरच्या वेधशाळा एकामागून एक तोच तारा पकडायच्या, सूर्य एका ठिकाणी उगवला की पुढच्या देशाने सुरू करायचं. होल अर्थ टेलिस्कोप असं नाव. आपल्या कावलूर आणि नैनितालच्या वेधशाळाही त्यात होत्या. नकाशावर भारत नसेल तर मधे केवढं भगदाड पडतं ते बघा म्हणजे त्यांचं मोल कळेल. पुढे केपलर आणि टेस उपग्रहांनी हे काम अवकाशातून सोपं केलं.

मी ज्या ताऱ्यावर काम करते त्यात गेल्या वर्षी सात महिने माझं मॉडेल आणि लयी जुळत नव्हत्या. थर हलवले, वस्तुमान हलवलं, काही नाही. शेवटी कळलं की मी गाभ्यात ऑक्सिजन सगळीकडे सारखा धरलाय. खरं तर तारा हीलियम जाळत होता तेव्हाच केंद्रात ऑक्सिजन जास्त आणि बाहेर कमी अशी पायरी तयार झालेली असते. ती पायरी घातली आणि पहिल्यांदा लयी जवळ आल्या. तेव्हापासून गाभ्याला नुसतं कार्बन ऑक्सिजन म्हणून सोडून देणं मला जमत नाही.


चिंचेची_पानं
मंगळवार, सकाळी ८.४५

आकाशात हिरा सापडला अशी बातमी मागे वाचली होती, ती श्वेतबटूचीच ना?


तारांगण
मंगळवार, दुपारी १.००

हो ताई, नरतुरंग तारकासमूहातला, सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा एक थरथरणारा श्वेतबटू. २००४ मध्ये त्याच्या लयींवरून ९० टक्के गाभा गोठलाय असा निष्कर्ष निघाला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्याच लयींवरून ३२ ते ८२ टक्के यातलं काहीही असू शकतं असं दाखवलं. आकडा पक्का नाही पण गोठण्याची कल्पना पक्की आहे. केंद्रकांमधलं विजेचं ढकलणं त्यांच्या उष्णतेच्या हालचालीच्या १७५ पटीच्या आसपास गेलं की ती जाळीत बसतात. १९६० च्या सुमारास किर्झनित्स, अब्रिकोसोव्ह आणि साल्पीटर यांनी वेगवेगळं हे सांगितलं, १९६८ मध्ये व्हॅन हॉर्नने म्हटलं की बर्फ होताना जशी सुप्त उष्णता बाहेर पडते तशी इथेही पडेल, तेवढा वेळ थंड होणं रेंगाळेल आणि तिथे ताऱ्यांची गर्दी दिसेल. ती गर्दी २०१९ मध्ये गाया उपग्रहाच्या डेटात दिसली, ३०० प्रकाशवर्षांच्या आतले १५ हजारांच्या आसपास श्वेतबटू मांडल्यावर. पन्नास वर्षांनी.

त्यातही काही तारे हिशोबापेक्षा कितीतरी जास्त रेंगाळलेत. त्याचं २०२४ मध्ये पुढे आलेलं उत्तर असं की तयार होणारे स्फटिक कधी कधी भोवतालच्या द्रवापेक्षा हलके असतात, कारण निऑन त्यांच्या बाहेर राहतो. मग ते तळाशी न बसता वर तरंगतात, जड द्रव खाली जातो, आणि त्या खाली जाण्यातून अब्जावधी वर्षं पुरेल इतकी ऊर्जा मिळते. मेलेला म्हणून आपण ज्याला सोडून दिलं त्याच्या पोटात एवढी उलथापालथ.


रात्रपाळी
मंगळवार, रात्री ११.१०

हे सगळं वाचून ठरवलंय, आधी साल्पीटरची दुरुस्ती, मग वर गरम थर. एकच विचारतो, हायड्रोजनच्या थरात माझा के तोच राहील का?


निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी ७.३०

नाही. के मध्ये एका इलेक्ट्रॉनमागचे न्यूक्लिऑन आहेत. हायड्रोजनमध्ये एका इलेक्ट्रॉनमागे एकच प्रोटॉन, त्यामुळे के निम्मा आणि घनतेचा आकडाही निम्मा. हीलियमला दोनच, तिथे काही बदलायचं नाही. थराच्या सीमेवर दाब सलग राहायला हवा, तिथे घनता उडी मारेल आणि ती मारू दे, गुळगुळीत करायला जाऊ नकोस. पण हायड्रोजनमध्ये वाय वर फार विसंबू नकोस, तिथे इलेक्ट्रॉन डीजनरेट उरलेले नसतात, साध्या वायूचा नियम लावावा लागेल. आधी गाभ्याचं तापमान एकच आकडा धरून वरून खाली ये, पृष्ठभागावर २५ हजार ठेव, आणि जिथे साध्या वायूचा दाब आणि इलेक्ट्रॉनचा दाब सारखे होतात तिथे दोन्ही मॉडेल शिव.


रात्रपाळी
बुधवार, सकाळी ७.५०

आज सुट्टी आहे. बसतोच. त्रिज्या आली की इथेच टाकतो.